मीटर फुल दाखवतोय

२० जानेवारी १९९७, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण पक्का. मीटरची निगा रोज राखायची. डिशच्या छत्रीवर सिग्नल किती येतो ते दाखवणारा हातातला मीटर कुपवाडच्या केबलवाल्यांत फक्त माझ्याकडे आहे. बाकीचे एकाला गच्चीवर चढवतात, दुसऱ्याला टीव्हीपुढे बसवतात आणि ‘आलं, गेलं’ करत दिवसभर बोंबलतात. अडाणी कारभार. मी काटा बघतो.

अंजना संक्रांतीला माहेरी गेली, म्हसवडला. चार दिवसांचं म्हणून गेली, अजून आलेली नाही. घर शांत आहे. नवराबायकोत थोडं अंतर बरं असतं.

मीटर : उत्तम.

२ फेब्रुवारी, रविवार

केबलच्या कंट्रोल रूमवर अंजनाचा फोन. आवं, कवा येताय न्यायला, म्हणाली. रविवारी, म्हटलं. आज रविवारच हाय की, म्हणाली. मग पुढचा सांगितला.

आमच्यात बाई माहेरून आपली आपण परत येत नाही, नवऱ्याने न्यायला जायचं असतं. रीत आहे, मला मान्य आहे. पण मीटरच्या बॅटरीचीही रीत आहे. अर्धी असताना चार्जिंगला लावायची नाही. पूर्ण उतरवायची, मगच चढवायची, नाहीतर तिला अर्ध्यावरच थांबायची सवय लागते. टॉर्चचा बल्ब जोडून उतरवायला ठेवली आहे. उतरली, चढली, की निघालोच.

९ फेब्रुवारी, रविवार

उतरली नाही. बल्बच उडालेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. (घरात मी एकटाच आहे.)

केबलमधला माझा पार्टनर कपिल म्हणाला, गड्या, बॅटरी ऱ्हाऊ दे हितं, तू जा की. त्याला काय जातंय बोलायला. मी नसताना याने मीटरला हात लावला तर? पार्टनरशिप धंद्यात आहे, मीटरमध्ये नाही.

नवा बल्ब जोडला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी फुल. पण कव्हरची चेन अडकतेय. कव्हर रेक्झिनचं, अंजनाने तिच्या मशीनवर शिवलेलं, आत कनेक्टरसाठी छोटा कप्पा. चेनला मेणबत्ती घासली. खोबरेल लावलं. आता अडकते आणि तेलकटही झाली. असा मीटर घेऊन प्रवास म्हणजे धूळ आत जाणार. बेत रद्द.

भात केला, खाली लागला. वरचा खाल्ला. काही वाटलं नाही.

८ मार्च, शनिवार

सासऱ्यांचा फोन. धोंडिराममामा माणूस सरळ आहे, आडून बोलत नाही. म्हणाले, पावणं, छत्री आणलीया, नुसत्या मुंग्या दिसत्यात, येताय न्हवं? आता नाही कसं म्हणणार. माझ्याशिवाय म्हसवडला मीटर कुणाकडे आहे? छत्री लावायची, अंजनाला घेऊन यायचं. जोडीला गावात मीटरचं नाव झालं तर माझी ना नाही.

१६ मार्च, रविवार

बसमध्ये विट्यापासून आटपाडीपर्यंत वाक्य पाठ केलं. ‘चल घरी.’ सोपं वाक्य आहे.

अंजनाने पाणी दिलं. जरा वाळलीय. इस्त्रीची साडी नेसली होती. दारापाशी कपड्यांची भरलेली पिशवी होती, कुणीतरी गावाला जाणार असावं. वाक्य काढणार तेवढ्यात मामांनी हात धरून गच्चीवर नेलं.

छत्री फिरवली आणि काटा सरकत सरकत शेवटाला टेकला. मीटर सलग वाजायला लागला. गल्लीतली माणसं बघायला जमली. निगा राखल्याचं सार्थक म्हणतात ते हे.

खालून मामांचा आवाज. पावणं, बातम्या लागल्यात, पण चिनी माणूस बोलतोय. मी वरूनच समजावलं, मीटर फुल दाखवतोय, म्हणजे छत्री बरोबर आहे, दोष तुमच्या टीव्हीचा. अंजना शिडीने अर्धी वर आली. म्हणाली, आवं, दुसरंच सॅटेलाइट लागलं असंल, जरा हलवून तर बघा. ठणकावून सांगितलं, एवढा सिग्नल सोडून मी कुठेही जाणार नाही.

मग जेवण. मग बसची वेळ. निघताना आठवलं, चेन अडकतेय म्हणून अंजनाला सांगितलं. बघते, म्हणाली. दारात पिशवीशेजारी उभी होती. अजून काय ऱ्हायलंय का, असंही तिने विचारलं. माझ्या बॅगेत बघितलं. मीटर, वायर, पाना. काही राहिलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

अंजना राहिली.

सकाळी चहाला दोन कप काढले तेव्हा लक्षात आलं. काल बसमध्ये शेजारच्या सीटवर मीटर ठेवला होता. विट्याला एका बाईने विचारलं, हितं कोण बसणार हाय का. नाही, म्हटलं.

ती पिशवी तिचीच होती.

पुढच्या रविवारी नक्की. आत्ता बॅटरी अर्धी आहे.

१३ एप्रिल, रविवार

मध्ये तीन रविवार गेले. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मीटर उत्तम होता.

आज धोंडिराममामा टेम्पो घेऊन आले. जयभीम झाला, पाणी झालं. म्हणाले, अंजीची शिलाई मशीन न्यायला आलोय, लग्नसराईचं लय बिलाऊज आल्यात तिच्याकडं. मी मशीनची एक बाजू धरली, कपिलने दुसरी. दोरीही मीच बांधली. टीव्हीचं विचारलं. झ्याक दिसतोय, म्हणाले. त्यासाठी म्हणे अंजी गच्चीवर छत्री फिरवत होती आणि मामा टीव्हीपुढे बसून ‘आलं, गेलं’ ओरडत होते.

टेम्पो सुरू झाल्यावर वाक्य तोंडातून निघालं. मामा, तिला म्हणावं, चल घरी. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाले, पावणं, त्या दिशी पोरगी पिशवी भरून दारात हुती, तवा म्हणायचं हुतं. आता तिचं मन न्हाई. मी तरी काय करू?

मग खिशातून एक घडी काढून हातात दिली. अंजीनं दिलंय, म्हणाले, शेजारच्या मशीनवर शिवलंय. रेक्झिनचं नवं कव्हर. आत कनेक्टरचा कप्पा.

टेम्पो गेला. भिंतीपाशी मशीनची जागा तेवढी स्वच्छ राहिली आहे. मीटर नव्या कव्हरमध्ये घातला. बरोबर बसला. चेन एका बोटाने लागते. फार वाईट वाटलं.

त्या दिवशी मी तिच्याकडे तेवढंच मागितलं होतं. तिने ते पाठवलं.