आवाज रागिणीचा

४ नोव्हेंबर, अमरावती
आले एकदाची! साईनगरातलं हे घर मस्त आहे. मागं शेवंतीचे वाफे, पुढं रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. अकोल्यात मी लग्नांत, गॅदरिंगमध्ये निवेदन करायची. आता रोज एका कादंबरीचा भाग वाचायचा. केशवरावकाका 'पूर्णेपल्याड' लिहितात आणि ॲपवर भागाभागानं ऐकवतात. आधीचे भाग त्यांची मुलगी रागिणी वाचायची. चिखलदऱ्याच्या घाटात तिची गाडी दरीत गेली आणि कादंबरी मधेच थांबली. ऐकणारे अजून विचारतात, पुढं काय झालं? म्हणून मला बोलावलं.

माणिकबाईंनी, म्हणजे काकूंनी, गरम भाकरी वाढली. माझी चिमू अकोल्याला मायजवळ आहे. चिमूचे बाबा, शेखर, वारल्यापासून मी पहिल्यांदाच तिच्यापासून लांब. फोनवर गोष्ट ऐकूनच झोपली. इथं बस्तान बसलं की घेऊन येईन तिला.

७ नोव्हेंबर
ऐकणाऱ्यांची तक्रार आली, ही आमची रागिणीताई नाही. काकांनी मला तिचे जुने भाग ऐकायला लावले. 'मंग' म्हणताना ती किंचित हसते. वाक्य संपवताना श्वास सोडते. मीही तसं करून पाहिलं. काकू दाराबाहेर पायरीवर बसून ऐकत होत्या. शेवंती तोडायला घेतलेली टोपली तशीच रिकामी.

१२ नोव्हेंबर
आज जमलं! काकांनी एकदाही थांबवलं नाही. कुणीतरी लिहिलंय, ताई, कुठं होत्या इतके दिवस? मला फार बरं वाटलं. मग काकू आत आल्या, माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "अजून थोडं बोल ना व माय." मी बोलत राहिले. वांग्याच्या भाजीबद्दल, कशाबद्दलही. त्या रडत होत्या. मीही.

१६ नोव्हेंबर
चिमूला फोन लावला, गोष्ट सुरू केली. तिनं फोन मायच्या हातात दिला. मागून ऐकू आलं, "आजी, हे कोन हाय? आईले दे ना." मायनं विचारलं, सर्दी झाली काय तुले.
घसा अगदी मोकळा आहे माझा.

१८ नोव्हेंबर
मोबाइलवर माझं जुनं निवेदन होतं, इथं यायच्या आधीचं. माझा आवाज मलाच परत शिकता यावा म्हणून लावलं.
त्यातही रागिणी बोलते आहे. 'मंग' म्हणताना हसते.
चिमूच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. त्यातही तीच. चिमू तान्ही असताना गायलेली अंगाई — तीही —

१९ नोव्हेंबर
काकांना सांगितलं, कादंबरी संपवा, मला सोडा. म्हणाले, "शेवट लिवला होता मी. रागिणीच्या मायनं फाडला. म्हने, कादंबरी संपली का पोरगी पुन्हा जाते."

२० नोव्हेंबर
बॅग भरली. काकू दारात उभ्या होत्या. एक शब्द न बोलता निघाले. तिच्याच आवाजात 'जाते' कसं म्हणू त्यांना?

२१ नोव्हेंबर, अकोला
मायला लिहून दाखवलं, डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय. चिमू धावत आली, गळ्यात पडली, सोडेना. मी हसते, मान हलवते. चाललंय.

२२ नोव्हेंबर
तिला वाटतं मी रुसले. विचारत होती, "आई, म्या काई केलं का?" जेवली नाही. तिची खेळणी एकेक आणून माझ्यासमोर ठेवते —
मोरीचं दार लावून हळूच तिचं नाव घेऊन पाहिलं.
रागिणीच. अजून.

२३
ताप आहे तिला. डोकं माझ्या मांडीवर. एका हातानं लिहितेय — बोटांनी माझे ओठ उघडू पाहते — एकदाच हाक मार म्हणते, आई, एकदाच —
नाही राहवत —
मारली. हळूच. चिमू म्हटलं —
उठली मांडीवरून. भिंतीला जाऊन टेकली. माझ्याकडे बघतेय — तोंड माझंच आहे गं, बघ ना —
विचारतेय, माही आई कुठं —