आईच्या बाजूचं दार

शिवकन्या,

अंगणात गाडी दिसली नाही म्हणून घाबरू नको. मी नायगावला तुझ्या मामाकडे गेलोय. कुकरात भात आहे, जेवून घे.

सकाळपासून गाडीत आई बसायची त्या बाजूच्या दाराशी बसलो होतो. फ्यूज चांगला निघाला. लॉकच्या मोटारीला बॅटरीची तार थेट लावली, तर तीही चालली. दार उघडं ठेवून किल्लीचं बटण दाबलं की टक वाजायचं, दार लावलं की गप्प. शेवटी बिजागरीजवळची रबरी नळी ओढून काढली. आत एक तार तुटलेली होती. दार उघडं असलं की तिची टोकं जुळतात, लावलं की सुटतात.

मामाच्या पोराच्या लग्नात गाडीतून आहेराची पिशवी गेली, तेव्हा मी भर मांडवात आईवर ओरडलो होतो, "साधं दार लावता येत न्हाई का तुला?" ती म्हणाली, "लावलं होतं मी. तुमचं बटणच माझ्या दारापर्यंत पोचत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर गाडीतून उतरली की ती दार तीन तीनदा ढकलून बघायची. देवाघरी जाईपर्यंत.

तू म्हणशील, "अप्पा, फोन करायचा की." केला असता, पण चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच सांगायला पाहिजे. उद्यापर्यंत दम निघाला नाही.

तार अजून जोडली नाही. आधी त्यांना दाखवतो.

अप्पा