नसलेल्या साहेबाचा माणूस

रविराजदादाला धाकट्या अजिंक्यचा लांबूनच नमस्कार (जवळ आलो की तू टपली मारतो). हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी कंबर शाबूत हाय ना? काकीचा गुडघा कसा हाय? आमी इकडं महाळुंग्यात मजेत, म्हंजे मजेत न्हाई, म्हणून तर लिवतोय.

आमच्या कंपनीचं हजेरीचं ॲप तू केलं, तवा जेवताना सांगितलं व्हतं, की एखाद्या लाईनला साहेबच नसला की ॲप जागेवर बंद पडायचं. ॲपनं दर टायमाला 'साहेब हाय का, हाय का' विचारत बसण्यापेक्षा तू एक नसलेला साहेबच बनवून बसवला. बाकीच्यांना जी बटणं, तीच त्याला. काय बी पाठवा, तो 'ठीक' म्हणणार अन् काय बी करणार न्हाई. (असा साहेब कंपनीत एकच कसा, हेच मला कळंना.)

मग मी त्याच्याकडं बदली मागितली. आमचा खरा साहेब ज्योतीराम, चहाला जरा उशीर झाला की फोनवर फोन करणारा, त्यानं न वाचताच मंजूर केली. तवापासनं फोन गप्प! उशिरा आलो, 'ठीक'. लवकर पळालो, 'ठीक'. आमच्या लाईनवरचा गेनू तर म्हणला, "भावा, तुझा साहेब वारला का काय?"

अन् आता कंपनीनं कंत्राटी पोरांतनं परमनंट करायला साहेबांकडं नावं मागितली. ज्योतीरामनी आपल्या सगळ्या पोरांची दिली, गेनूचं सुदिक (जो मशीनला टेकून झोपतो). मी गेलो तर म्हणला, "तू माझ्याकडं कुठं हायेस? तुझ्या साहेबाला सांग की." सांगितलं. 'ठीक'. माघारी बदली मागितली, तर ती बी आधी त्याच्याकडंच जाते! 'ठीक'. ऑफिसात स्वरूपाम्याडम स्क्रीन बघून म्हणल्या, "एरर कुठंय? सगळं व्यवस्थित तर दिसतंय." आता त्यांना काय दाखवू, कप्पाळ? ज्योतीराम निदान शिव्या तरी घालायचा राव, निरोप पोचला हे तरी कळायचं. आता घास तोंडात असला तरी कुणाचा फोन आला का बघायला हात फोनकडं जातोय.

काकीला नमस्कार सांग.

तुझा, अजून कंत्राटीच,
अजिंक्य

ता.क. खरं काम हे, की त्या साहेबाला काढून टाक. जागा रिकामी ठेव. ॲप बंद पडूदे, गेटवर हजेरी अडकूदे, बोंब होऊदे. कशानं अडलं ते शोधत येतील, तवा तरी माझं नाव कुणाला दिसंल. गुरुवारी नावं बंद होणार, त्याच्या आत कर.

आणखी एक ता.क. पण सोमवारी न्हाई हां, मंगळवारी. सोमवारी ड्युटीच्या टायमालाच आपली क्रिकेटची फायनल हाय, अन् आपली अख्खी टीम कालच त्या साहेबाकडं बदली करून घेतलीय. ओपनिंगला गेनू. त्याला साहेबाबद्दल फक्त चांगलं तेवढंच सांगितलंय.