ऐरण फिरवली त्याबद्दल

प्रिय कोलमन,

तू पाद्री व्हायला निघालास, म्हणून तुलाच विचारते. टोलननं ऑनरमावशींचं कुरण बळकावलं. मावशी भट्टीवर येऊन बाबांना म्हणाल्या, "मार्टिन, त्याच्या घराकडे ऐरण फिरव. लागू दे लोहाराचा शाप." बाबा हसले, "अगं, ऐरण आहे, तोफ नव्हे." पण मावशी रडायला लागल्या आणि बाबांनी ऐरण फिरवली. तेव्हापासून बाबांची कंबर धरली आहे.

आणि टोलन तापानं अंथरुणाला खिळला आहे! आज त्याची बायको आली. "पाया पडते, ऐरण होती तशी परत फिरवा."

बाबा म्हणाले, "फिनोला, हात लाव. मला एकट्याला जमायचं नाही."

असल्या गोष्टी मानणं पाप, असं आईनं आपल्याला शिकवलं. हात लावला, तर मी ते मानलं असं होईल. नाही लावला आणि टोलन मेला तर? शिवाय मावशींची गाय अजून रस्त्याकडेलाच चरते आहे, त्याचं काय?

तुझ्या उत्तरासाठी थांबायला वेळ नाही, म्हणून पत्र टाकतच नाही. बाबा पुन्हा हाक मारताहेत, "पोरी, पाप माझ्या नावावर घाल, वजन तेवढं उचल."

जाते. उचलताना मनात कोणासाठी प्रार्थना करू, तेवढं मात्र अजून ठरत नाही.

तुझी गोंधळलेली बहीण,
फिनोला