भीतीला जागेवर बसवणारी अक्का

प्रिय अक्का,

तुझ्या तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल बोलले. तुझा धाकटा भाऊ मात्र गप्प बसला. आज लिहितोय, कारण रविवारी जोसेफचे आईवडील आपल्या जे. पी. नगरच्या घरी येणार आहेत, आमच्या सुमीच्या लग्नाचं बोलायला. तेव्हा तू माझ्या शेजारी बसणार होतीस ना? मग अशी मध्येच कशी गेलीस!

नदीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ वाद पेटून शहर तापलं होतं, ते दिवस आठवतात. वरच्या मजल्यावरच्या तमिळ भाडेकरूंना शोधत काही पोरं फाटकाशी आली. मी दाराआड. तू चपला काढल्यास, पाय फरशीवर नीट टेकवलेस, खांदे सैल सोडलेस, एक लांब श्वास टाकलास. मग म्हणालीस, "बर्री, कुंद्री." या, बसा. तुझं बेळगावकडचं कन्नड ऐकून एकजण हसला, "काय अक्का, हुबळीची बस चुकली?"

"चुकली की. तू सोडतोस?" तूही हसलीस. "वर बाळंतीण आहे. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

पोरं थोडी घुटमळली आणि गेली. तू आत आलीस तेव्हा मी विचारलं,

"भीती नाही वाटली?"

"वाटली की रे! पोटात गोळा आला. त्याला म्हटलं, तू हाईस, मला कळलं. आता तिथंच बस, घशात येऊ नकोस."

असं कुणाला सुचतं! तुझ्या दम्यानं म्हणे तुला हे शिकवलं. छाती कुठं आवळली ते आधी ओळखायचं, मग सोडायची.

सुमीनं जोसेफचं नाव घेतलं, तेव्हा तूच माझ्या पाठीवर हात ठेवलास. "मुठी उघड. मग बोल." मी मुठी उघडल्या आणि तोंडून निघालं, "त्याला आपलं तिखट झेपतं का?" सुमी रडता रडता हसली. तू नसतीस तर मी काय बोललो असतो, कुणास ठाऊक.

एक राग आहे तुझ्यावर. त्या पहाटे तुझाच दम कोंडला, तर आम्हाला हाक का मारली नाहीस गं?

जोसेफचे वडील फार कडक, असं ऐकून माझे हात गार पडत होते. काल सुमी म्हणाली, "बाबा, ते विचारत होते, तुमच्याकडे पाटावर बसून जेवावं लागतं का? त्यांचे गुडघे दुखतात. सांगायला लाजतात." अक्का, म्हणजे तेही तिकडे घाबरलेत!

शेजारच्यांकडून टेबल आणतोय. ते आधी बोलतील, मी ऐकेन. चर्चमध्येच लग्न हवं म्हणाले, तर उठून जाणार नाही. आणि लग्न कुठेही होवो, सुमीचा बाप पहिल्या रांगेत असेल. हे तुला वचन.

तुझा,
बाळू