वहीतले चार पेले

भुईगाव,
१४ जानेवारी १९८७

प्रिय विनी बाय,

खुशाली आधी लिहायची असते म्हणून लिहिते. मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखू दे. केळींना पाणी झालं, वालाला शेंगा लागल्यात. तू वेळेवर जेवत जा. झाली खुशाली.

आज क्लाराला लिहायला बसवलेलं नाही. एरवी मी सांगते नि ती लिहिते, पण हे शेजारच्या पोरीला ऐकवण्यासारखं नाही. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच. आलोशियसची सुट्टी संपली, तो शनिवारी परत तुमच्या बहरीनला निघतो. त्याच्या हाती देते. पोस्टाने पाठवलं तर पत्राआधी तुझा राजीनामा पोचायचा.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं माझं. म्हणे, "आई, बाबांना दिवसाला चार पेले पाणी मी ठरवून दिलं, तेच चुकलं. तू पाठवलेले आकडे रोज बघते. रोज चारच पेले गेले आणि तरी अंगावर सूज चढली, म्हणजे चार जास्त होते. जिला स्वतःच्या बापाचं पाणी ठरवता आलं नाही, तिने दुसऱ्याच्या बापाच्या खाटेजवळ उभं राहू नये. महिनाअखेर नर्सिंग सोडते." शहाणीच आहेस.

थांब. आधी दुसरं सांगते.

टँकरवाला परत आला होता. नालासोपाऱ्यात नव्या बिल्डिंगी उठतायत, त्यांना आपल्या विहिरीचं पाणी पाहिजे. मला म्हणतो, "काकी, फर्डिनंडने दिलं, तुम्हीच का अडून बसलात?" म्हटलं, "फर्डिनंडच्या विहिरीचं पाणी उपसून उपसून खारट झालंय, तिथे जाऊन चूळ भर." शांता कुंपणापलीकडून खो खो हसली. ती मला अजून इंग्लिश मॅडम म्हणते. ऑक्टोबरात तू रजेवर येऊन मला शिकवत होतीस ना, तेव्हापासून. "मॅडम, माझ्या म्हशीचं पण इन-आऊट लिहा," म्हणायची.

तू शिकवलंस ते इंग्रजी सगळं जोडीनेच. इन नि आऊट. अप नि डाऊन. लेफ्ट नि राईट. वहीत मधोमध रेघ मारलीस. पोटात गेलेलं पाणी इनमध्ये, झालेली लघवी आऊटमध्ये. किडनीच चालत नाही, तर आऊट आपल्या हातात नाही, इन आपल्या हातात आहे, असं तू म्हणालीस. अप-डाऊन मला माहीत होतं, पण ते ज्युलियसमामाचं, रोज चर्चगेटला जाऊन येतो ते. प्रेशरही अप-डाऊन करतं हे नवीन. आपण पण म्हणतो की आत-बाहेर, वर-खाली. पण ते पोरांवर ओरडायला. "सारखं आत-बाहेर करू नको, दार लाव." तुमच्या इंग्रजीत अख्खा माणूस त्या दोन शब्दांच्या मध्ये बसवतात.

तुझ्या बाबांना गंमत वाटायची. कूस बदलायला मी "लेफ्ट" म्हटलं की मुद्दाम उजवीकडे वळायचे. म्हणायचे, "लघवी करायला पण लेकीची परवानगी काढायची. ह्या मार्सेलचे काय दिवस आले!"

मी तुझा शब्द पाळला. दीड महिना पाळला. हंडा आतल्या खोलीत ठेवून कडी घालायची. ते म्हणायचे, "इनेझ, अर्धी आळी आपल्या विहिरीचं पाणी पिते. माझाच काय गुन्हा?" मी म्हणायची, "गुन्हा किडनीचा, माझ्याशी भांडू नका." एकदा कपाळावरची ओली पट्टी तोंडात घालून चोखत होते. मी ओढून घेतली, आणि हातावर चापट मारली त्यांच्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, आणि मी आजारी माणसाला मारलं. हे तुला कळवलं नव्हतं.

अजून एक कळवलं नाही. लिहायला बसले ते त्याच्यासाठीच. मघापासून टँकर नि म्हशी लिहिते आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टर घरी आले. जाताना मी ओटीवर अडवलं. "सरळ सांगा, उठतील का?" ते स्कूटरची चावी चाचपत म्हणाले, "आता अप-डाऊन चालायचंच, बाई." मी वही पुढे केली. म्हटलं, "अप कुठे झालं ते दाखवा. मी रोज लिहिते, मला कुठे दिसलं नाही." त्यांनी वही उघडली पण नाही. मला फार शाळा नाही, पण डाऊन कळतं.

दुसऱ्या दिवशी, सत्तावीस तारखेला, फादर येऊन आजाऱ्याचं शेवटचं तेल लावून गेले. त्यांनी जिभेवर ठेवलेला प्रसाद तुझ्या बाबांना गिळवेना, घसा सुकलेला. फादरांनी चमचाभर पाणी दिलं. फादर गेल्यावर मी वही घेतली नि तो चमचा लिहिला. तुझे बाबा बघत होते. म्हणाले, "इनेझ, प्रसादावरचं पाणी पण लिहिलंस?" आणि रडायला लागले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हे आऊटमध्ये लिहायचं का? खरंच आलं. पेन्सिल हातातच होती.

मला माझीच किळस आली. पेन्सिल टाकली, विहिरीवर गेले, ताजी कळशी काढली. डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. अख्खा प्यायले. मानेवर सांडलं, उशी भिजली. थांबून म्हणाले, "अजून आहे?" म्हटलं, "विहीर भरून आहे." दुसरा दिला. मग म्हणाले, "विनीला कळवू नको, ओरडेल."

नऊ दिवस दिलं. मागतील तेव्हा, मागतील तेवढं. आणि वहीत रोज चार लिहिलं, कारण तू विचारणार हे ठाऊक होतं. चौथ्या दिवशी पाय सुजले, मग पोट, मग श्वास लागायला लागला. मी बघत होते, कशाने ते कळत होतं. तरी दिलं. सहा डिसेंबरला गेले. तुझ्या चार पेल्यांवर कदाचित नाताळ बघितला असता. तो मी त्यांच्याकडून काढून घेतला.

मातीला तुला येता आलं नाही. मग तू आकडे मागवलेस, आणि मी तेच खोटे आकडे क्लाराकडून लिहून पाठवले. वाटलं, वाचशील नि ठेवून देशील. तू त्यातून स्वतःची चूक काढशील हे मला सुचलं नाही.

पाणी दिल्याची माफी मी मागणार नाही. देवाजवळ पण मागितलेली नाही, फादरांना सांगून आले. माझं खोटं तुझ्या गळ्यात पडलं, त्याची मागते.

तुझे चार पेले बरोबर होते. त्या चारांवर ते दीड महिना जगले, माझ्याशी भांडले, उलटे वळले. त्या नऊ दिवसांचा खरा आकडा मागू नको. मी मोजलं नाही.

माझ्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नको. मे महिन्यात रजा मिळेल तेव्हा मामाकडे उतर, मी कुणाला काही विचारणार नाही. पण राजीनामा फाड आणि कामावर जा. तिथे जो कोणाचा बाप पडलाय, त्याला तू हवी आहेस.

पाणी मी दिलं.

तुझी आई,
इनेझ