एक मात्रा कमी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की या हिंदी गावात ब्राह्मणपाऱ्यातली आपली मराठी शाळा कुठं भरायची हेही आता कोणाला दाखवता येत नाही. पण मनात शंका आली की मला अजून तुम्हीच आठवता. दुपारचं ऊन बाकांवर येतं आहे, तुम्ही टेबलावर डस्टरनं ताल धरला आहे, आणि मी कवितेतलं एक अक्षर गिळतो. डस्टर थांबतं. "मात्रा खाल्ली पोट्ट्यानं! घरून जेवून नाही आला काय?" सारा वर्ग हसतो.

आता तोच 'मात्रा' शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकतो, औषधाची मात्रा. माझ्या नातीला ऑटिझम आहे. ती बोलत नाही, आणि झोप तर तिला ठाऊकच नव्हती. तिच्यामागं तिची आई, माझी सून, वाळून गेली. शेवटी तिनं पोरीचं नाव झोपेच्या नव्या औषधाच्या चाचणीत घातलं. काही मुलांना खरं औषध, काहींना नुसतं गोड पाणी. कोणाला काय मिळतं ते डॉक्टरलाही माहीत नाही म्हणे. ज्याचं त्यालाच माहीत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवावा? पोरगी झोपायला लागली खरी, पण ही नीज की गुंगी? सून चिडते, "बाबा, काहून शंका घेऊन राहिले तुम्ही? डॉक्टर का आपला दुश्मन आहे?"

मग मी माझी चाचणी काढली. सकाळी ती उठली की तुम्ही शिकवलेली कविता म्हणतो आणि मुद्दाम एक मात्रा खातो. तिला शब्द येत नाहीत, पण ताल पाठ आहे. चुकलो की फाडकन हातावर चापट! तुमचं डस्टरच. मी तिथूनच सुनेला ओरडून सांगतो, "जागी आहे हो, पूर्ण जागी आहे!"

मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, अब मात्रा थोड़ी बढ़ाएंगे." तेव्हापासून पोरगी फारच शांत निजते. सूनही झोपते, तिच्या चेहऱ्यावर रंग आला आहे. चहा गाळता गाळता ती विचारते, "पाह्यलं का बाबा? मारली का चापट?"

मी म्हणतो, "हव, मारली."

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच लिहितो. मात्रा वाढल्यापासून मी ती कविता बिनचूक म्हणतो, बाई. मुद्दाम.